अठ्ठावीस दीड

दिवाळी अंकात सायकलच्या टायरचा इतिहास लिहिणारा लेखक वाचकांनी पूर्वी पाहिला नसेल. मीही पाहिलेला नाही. मी कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी शाळेत गणित शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकच्या उंबरठ्यापलीकडे माझे पाऊल पडलेले नाही. तेव्हा इतिहासकाराचा आव आणण्याची सोय नाही. पण एका दुपारी एक टायर माझ्या हातात अडला, आणि तो का अडला हे शोधता शोधता मी सव्वाशे वर्षे मागे जाऊन पोहोचलो. त्या वाटेवर माझी स्वतःची एक जुनी चूकही मला भेटली. तिला वळसा घालून हा लेख लिहिता आला असता. पण मग तो लिहिण्यात काही अर्थ राहिला नसता.

गोष्ट २०१९ सालच्या मे महिन्यातली. वडील पोस्टमन होते. नोकरीत असताना घेतलेली त्यांची काळी सायकल निवृत्तीनंतरही रोज बाहेर पडत असे. दांड्याचे ब्रेक, मागे भलेमोठे कॅरियर, चेनवर पत्र्याची पेटी; पोस्टमनला शोभावी अशीच ती होती. त्या उन्हाळ्यात मागचा टायर कडेने चिरला आणि त्यातून ट्यूब डोकावू लागली. मी पुण्याला निघालो होतो. वडील म्हणाले, "जातोच आहेस तर टायर घेऊन ये. अठ्ठावीस दीड म्हणून सांग."

पुण्यात दुकानदाराने विचारले, "कोणता?" मी म्हणालो, "अठ्ठावीसचा." दीड हा शब्द मला अनावश्यक वाटला. चाक अठ्ठावीस इंची. मग दीड कशाला? त्याने पुढे विचारले नाही, मी पुढे सांगितले नाही. टायर कागदात गुंडाळून घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो बसवायला घेतला. एक कड अर्ध्यापर्यंत रिममध्ये उतरली आणि तिथेच अडली. पुढची रेटावी तर मागची वर यायची. टायर चढवायच्या पट्ट्या नव्हत्या म्हणून घरातले दोन चमचे घेतले, ते वाकले. अंगठ्याचे नख उलटले. वडील ओट्यावर बसून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी शांतपणे विचारले, "दीड म्हणालास ना?"

मी "हो" म्हणालो. चाळिशीला टेकलेला मास्तर टायरच्या पायी बापाशी खोटे बोलला.

संध्याकाळी चाक आणि टायर घेऊन मी एस्. टी. स्टँडजवळच्या सायकलच्या दुकानात गेलो. दुकानातला तरुण माझा जुना विद्यार्थी. त्याने टायर रिमवर लावूनसुद्धा पाहिला नाही. नव्या टायरची कड उजेडाकडे फिरवली, जुन्या टायरवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली, आणि दोन्हींवरचे बारीक आकडे मला दाखवले. जुन्यावर होते ४०-६३५, नव्यावर ३७-६२२.

"तेरा मिलिमीटर कमी आहे, सर. हा जन्मात चढायचा नाही."

दोन्ही टायरांवर मोठ्या अक्षरांत '२८' छापलेले होते. एकावर २८ × १½, दुसऱ्यावर २८ × १⅝ × १⅜. दोघे अठ्ठावीस, आणि एक दुसऱ्याच्या चाकावर बसत नाही! हे कोडे कोणी घातले, हा प्रश्न घेऊन मी घरी आलो. त्याचे उत्तर पुढे पुष्कळ दिवस पुरवून पुरवून मिळाले.

सायकलच्या चाकाचा आकडा मुळात माणसाच्या पायाचा आकडा होता. १८७०च्या सुमारास इंग्लंडात जी उंच सायकल निघाली, तिला पुढे पुरुषभर चाक आणि मागे चिमुकले चाक असे. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेले; म्हणजे चाक जेवढे मोठे तेवढा एका फेऱ्यात पल्ला मोठा. चाक किती मोठे घ्यावे याला मर्यादा एकच, आणि ती म्हणजे स्वाराची तंगडी. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल काढली. मागच्या चाकाला साखळी लावली आणि दोन्ही चाके जवळजवळ सारखी, बेताची केली. चाकाचा आणि तंगडीचा संबंध त्या दिवशी तुटला. लहान चाक मात्र खड्ड्यात जास्त आपटते, आणि त्या काळी टायर म्हणजे रबराची भरीव पट्टी. स्वाराची हाडे खिळखिळी होत.

१८८७ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या स्कॉटिश जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला रबराच्या नळीत हवा भरून ती बांधून दिली. पुढच्या वर्षी त्याने पेटंट घेतले. १८८९ साली विली ह्यूम नावाचा शर्यतपटू बेलफास्टच्या मैदानात हवेचे टायर लावून उतरला आणि जिंकला. पण मौज अशी की, ही कल्पना चाळीस वर्षांपूर्वीच एकाने नोंदवून ठेवली होती. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच घोडागाडीसाठी हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. त्या वेळी सायकल नव्हती, रबर महाग होते. जग ती गोष्ट विसरले. १८९०मध्ये ती उजेडात आली आणि डनलॉपचे पेटंट रद्दबातल ठरले.

डनलॉपचा टायर चाकाला जखडलेला असे. पंक्चर काढणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. १८९०मध्ये इंग्लंडात चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने टायरच्या कडेत तार घालण्याची युक्ती काढली: कडेची तार रिमच्या खोबणीत बसते, हवेच्या दाबाने टायर जागच्या जागी घट्ट राहतो, हवा सोडली की निघतो. फ्रान्समध्ये मिशेलँ बंधूंनी १८९१मध्ये आपला सुटा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेरों पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची शर्यत त्यावर जिंकला.

माझ्या कोड्याचा जन्म इथला आहे. टायर चाकालाच जखडलेला होता तोवर मापाची चिंता कारखान्याची होती. टायर सुटा झाला आणि "माझ्या चाकाला कोणता बसेल?" हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडला. बसण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे माप एकच: कडेची तार जिथे टेकते तिथला रिमचा व्यास. ते माप मात्र टायरवर लिहिलेले नव्हते. लिहिलेला होता हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा व्यास. त्यालाही कारण होते. रस्त्यावर फिरतो तो बाहेरचा परीघ. स्वाराला एका फेऱ्यात किती अंतर कापले जाते ते त्यावरून कळते. म्हणून अठ्ठावीस इंची चाक म्हणजे टायरसकट अठ्ठावीस इंच.

आता वडिलांचे 'अठ्ठावीस दीड' पाहा. टायर दीड इंच जाड. तो चाकाच्या वर एकदा येतो आणि खाली एकदा. दोन दीड तीन. अठ्ठाविसातून तीन गेले, पंचवीस राहिले. पंचवीस इंच म्हणजे ६३५ मिलिमीटर, अगदी बरोबर! जुन्या टायरवरचा बारीक आकडा तोच होता. मी ज्या शब्दाला अनावश्यक म्हणून गाळले, त्या 'दीड'मध्येच रिमचे माप लपलेले होते. दिडकी पाठ केलेल्या माणसाने तो शब्द उगाच लावला नव्हता.

जाड टायर हवा तर रिम लहान करायची, बारीक हवा तर मोठी. बाहेरचा व्यास कायम. फ्रेंचांनी याला अक्षरे लावली. ७०० मिलिमीटर चाकाचे ए, बी, सी असे प्रकार: ए बारीक टायरचा, त्याची रिम ६४२, बी मधला, ६३५, सी जाड टायरचा, ६२२. पद्धत नामी होती. पण माणसाचे मन स्वस्थ बसत नाही. जाड टायरच्या लहान रिमवर कोणाला तरी बारीक टायर हवासा वाटला. कारखान्याने तो करून दिला आणि नाव मात्र जुनेच ठेवले. कारण नाव बदलले तर गिऱ्हाइकाला तो कोणत्या रिमचा हे कळणार कसे? आज शर्यतीच्या सायकलीवर '७०० × २५ सी' असे लिहिलेले असते. मोजून पाहा: ६२२ आणि दोनदा २५, एकूण ६७२. सातशेच्या चाकात सातशे मिलिमीटर कुठेच नाहीत.

माझ्या पुण्याच्या टायरचीही हीच कथा. २८ × १⅝ × १⅜ यातला शेवटचा आकडा टायरच्या जाडीचा. मधल्या १⅝ची वजाबाकी करून पाहिली तर ६२२ येत नाही; साडेसहा मिलिमीटरांची तफावत राहते. तो आकडा आज मोजपट्टीच्या उपयोगाचा नाही. त्याचे काम टायर कोणत्या घराण्याच्या रिमवर बसायचा ते सांगणे. आपल्या नावात मधले नाव बापाचे असते ना, तसे. माणसाची उंची-जाडी त्यावरून कळत नाही. तो कोणाचा, हे कळते.

आपल्या देशात ही घराणी इंग्रजी सायकलींबरोबर आली. डनलॉपचा कारखाना १९३६ साली हुगळीकाठी साहागंजला निघाला. स्वातंत्र्यानंतर आसनसोल, मद्रास, सोनिपत, लुधियाना येथे सायकली होऊ लागल्या, आणि अठ्ठावीस दीडचे चाक खेड्याखेड्यांत पोहोचले. दूधवाला, पोस्टमन, शाळामास्तर, सगळे त्याच चाकावर. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, १९५७मध्ये नवे पैसे आले, पुढे शेर आणि वार गेले. टायर मात्र इंचातच राहिला. मैलाचा किलोमीटर झाला तरी तो तुडवणारे चाक अठ्ठावीस दीडच.

इथपर्यंत कोडे सुटले होते. पुढचा भाग मला त्या तरुणाने शिकवला. खरे म्हणजे तो मला त्याने फार पूर्वीच शिकवला होता.

१९३३ साली अमेरिकेत शिकागोच्या श्विन कारखान्याने सायकलीला मोटारीसारखे फुगीर टायर लावले. माप लिहिले २६ × २.१२५, दशांशात. त्याची रिम ५५९ मिलिमीटरची. १९७०नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी असल्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळायला सुरुवात केली. त्यातून डोंगरी सायकल जन्मली आणि ५५९ची रिम जगभर गेली. नव्वदीच्या दशकात आपल्या गावांतल्या पोरांच्या हाती सरळ हँडलच्या, जाड टायरांच्या सायकली आल्या, त्या याच घराण्यातल्या. त्या रिमसाठी बारीक टायर निघाला तो २६ × १.५०. पण जुन्या घराण्यात २६ × १½ हे माप आधीच नांदत होते. वजाबाकी करा: सव्विसातून तीन, तेवीस इंच, म्हणजे ५८४. व्यवहारी अपूर्णांकातला दीड ५८४वर बसतो आणि दशांशातला दीड ५५९वर. व्यासात पंचवीस मिलिमीटरांचा फरक. तारेच्या घेरात जवळजवळ आठ सेंटिमीटरांचा.

२००६ साली मी पाचवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होतो. फळ्यावर लिहिले: १½ = १.५०. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांचे सायकलचे दुकान होते. तो म्हणाला, "सर, सारखं नाही. सव्वीस दीडचा टायर सव्वीस एक पन्नासला बसत नाही."

वर्ग हसला. मी नवा मास्तर होतो. वर्ग हसला की आपणही एक टोला हाणावा, असे वाटण्याचे ते वय. मी म्हणालो, "मग शाळेत कशाला येतोस? दुकानातच बस." वर्ग पुन्हा हसला. मुलगा खाली बसला. त्यानंतर माझ्या तासाला त्याने हात वर केल्याचे मला आठवत नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. घरची ओढाताण होती, वडिलांची तब्येत ठीक नव्हती. माझ्या एका वाक्याने शाळा सुटली असे मी म्हणणार नाही, म्हणण्याइतका माझा अधिकारही नाही. पण ते वाक्य मी बोललो होतो, आणि तो दुकानातच बसला, ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२०१९च्या त्या संध्याकाळी ६३५ आणि ६२२ दाखवून झाल्यावर त्याने मला सव्वीस दीडची आणि सव्वीस एक पन्नासची अशी दोन टायरे खुंटीवरून काढून शेजारी शेजारी धरून दाखवली. एकात दुसरे सहज मावले. जुन्या प्रसंगाचा त्याने उल्लेख केला नाही. मीच केला. म्हणालो, "तू तेव्हा बरोबर होतास."

तो म्हणाला, "तुम्हीपण बरोबरच होता, सर. गणितात सारखंच असतं. टायरवर ते माप नसतं, नाव असतं."

एवढे सारे वाचून जे मला कळायचे होते ते त्याने पाना पुसता पुसता सांगून टाकले.

हे कळले की बाकीची गंमत आपोआप उलगडते. बाजारात साडेसत्तावीसची सायकल आली आहे. तिची रिम ५८४, म्हणजे जुन्या सत्तावीसच्या ६३०हून लहान! एकोणतीसची नवलाईची सायकल मिळते. तिची रिम ६२२, म्हणजे माझ्या पुण्याच्या अठ्ठावीसच्या टायरचीच. म्हणून आता आंतरराष्ट्रीय ठरावाने टायरच्या कडेवर दोन साधे आकडे छापतात: आधी जाडी, मग रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. तिथे तडजोड नाही. पहिल्यात थोडे इकडेतिकडे चालते. रिमच्या आतल्या रुंदीच्या साधारण दीडपट ते दुप्पट टायर असावा, आणि तो चिमट्याला किंवा मडगार्डला घासू नये, म्हणजे झाले.

मोटारीवाल्यांची तऱ्हा थोडी निराळी. जुन्या प्रीमियर पद्मिनीला ५.२०-१४चा टायर असे. दोन्ही आकडे इंचांत. मिशेलँने १९४६मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि पुढे टायर बुटके होत गेले, तसे माप लिहिण्याची रीत बदलली. आज १५५/८० आर १४ असे लिहितात: रुंदी मिलिमीटरांत, उंची रुंदीच्या टक्क्यांत, आर म्हणजे रेडियल, आणि रिम इंचांत. तीन आकडे, तीन भाषा! पण इथे निदान आकडे खरे बोलतात. १५५चे ८० टक्के १२४, दोनदा २४८, चौदा इंच म्हणजे ३५५.६, एकूण ६०३.६ मिलिमीटर. त्याऐवजी १७५/७० आर १४ घेतला तर येतात ६००.६. फरक अर्धा टक्का. रिमची रुंदी आणि बाजूची जागा पुरत असेल तर चालण्यासारखा. व्यास तीन टक्क्यांनी वाढला तर मात्र काटा साठ दाखवील आणि गाडी जवळपास बासष्टने पळत असेल. १९७५मध्ये मिशेलँनेच रिमही मिलिमीटरांत करून पाहिली, जुन्या-नव्याची गल्लत होऊ नये म्हणून. चालली नाही. इंच जिंकला.

गल्लत ही नेहमी वाकलेल्या चमच्यांवर भागत नाही. अमेरिकेत हलक्या ट्रकांना सोळा इंची आणि साडेसोळा इंची अशा दोन्ही रिमा होत्या. सोळाचा टायर साडेसोळाच्या रिमवर चढतो, पण त्याची कड जागेवर बसत नाही. बसेना म्हणून कामगार आणखी हवा भरतो. तार तुटते आणि टायर बाँबसारखा फुटतो. यात टायर बसवणारी माणसे दगावली आहेत. अर्धा इंच! माझा टायर चढलाच नाही, हे माझे नशीब म्हणायचे. उलट झाले असते, म्हणजे लहान रिमवर मोठ्या तारेचा टायर गेला असता, तर तो सहज बसला असता, हवाही धरली असती, आणि वडील रस्त्यात असताना निसटला असता. न बसणारी चूक बरी. बसलीशी वाटणारी चूक घातक. वर्गातली माझी चूक या दुसऱ्या जातीची होती.

त्या संध्याकाळी त्याने ४०-६३५चा टायर स्वतः बसवून दिला. चमचे नाहीत, पट्ट्या नाहीत. कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत ढकलत शेवटचा घास अंगठ्यांनी आत सारला. पुण्याचा टायर त्याने ठेवून घेतला, म्हणाला, "कोणीतरी येईल याचं गिऱ्हाईक." किमतीतला फरक तेवढा घेतला, जास्त नाही, कमी नाही. कमी घेतला असता तर मला अवघड झाले असते. हे त्याला कळले असावे.

घरी आल्यावर मी वडिलांना सांगितले, की पुण्यात मी दीड म्हणालोच नव्हतो. त्यांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं."

वर्गात मी अजूनही १½ = १.५० असेच शिकवतो. ते खरेच आहे. पण फळ्यावर ते लिहिल्यानंतर थोडा थांबतो आणि मागच्या बाकाकडे पाहतो, कोणी उठते का ते.